फील्ड प्रोजेक्ट चॅटजीपीटीकडून लिहून आणतात पोरं, ओरडू की शिकवू? आणि शिकवायचं तर नेमकं काय?

इतिहासवाली_मॅडम

नमस्कार सगळ्यांना. मी नगर-पुणे सीमेवरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर, हे चौथं वर्ष. एस.वाय.बी.ए.ला ७२ पोरं आहेत, निम्म्याहून जास्त आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात, लॅपटॉप कुणाकडेच नाही पण फोन सगळ्यांकडे आहे. नवीन धोरणात दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आलाय त्यात मी विषय दिला 'आपल्या गावाचा इतिहास'. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, देवळाजवळ वीरगळ असेल तर फोटो काढा, बाजार कुठं भरायचा, पाणी कुठून आणायचे, बहात्तरच्या दुष्काळात कोण खडी फोडायला गेलं होतं, असं सगळं. मला वाटलं पोरांना आवडेल.

रिपोर्ट आले आणि मी दोन दिवस नुसती वाचतच बसले. एका मुलीने लिहिलंय 'गावाच्या मधोमध वाहणारी नदी ही ग्रामजीवनाचा आत्मा आहे'. मला ते गाव माहितीये. तिला विचारलं अगं नदी कुठली गं तुमच्याकडे, तर खाली मान घालून म्हणाली मॅडम ओढा आहे, दिवाळीनंतर आटतो. 'समृद्ध सांस्कृतिक वारसा' हे शब्द ७२ पैकी निदान ४० रिपोर्टांत आहेत. पण सगळ्यात जास्त टोचलं ते एका पोराचं. त्याने २५ जणांच्या मुलाखतींचे फॉर्म जोडलेत, छान टाईप केलेले, आणि २५च्या २५ जणांनी पूर्ण वाक्यात उत्तरं दिलीयेत, एकजण सुद्धा 'आता काय आठवत नाय बाळा' असं म्हणालेला नाही. तो गेलाच नव्हता कुणाकडे. लोक पण चॅटजीपीटीने बनवले आणि त्यांची उत्तरं पण.

स्टाफरूममध्ये विचारलं तर एक म्हणाले सरळ शून्य द्या. दुसऱ्यांनी एका वेबसाईटवर रिपोर्ट टाकून बघायला सांगितलं, एआयने लिहिलंय का ते टक्क्यांत सांगते म्हणे. मी टाकून बघितले तर जी मुलगी माझ्यासमोर लायब्ररीत बसून तीन दिवस हाताने लिहीत होती तिच्या रिपोर्टला ७८ टक्के दाखवलं. ते तिला कुणीतरी सांगितलं आणि ती रडली. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवसापासून ती वेबसाईट उघडलेलीच नाही.

मला बंदी घालायची नाहीये. मी स्वतः वापरते, प्रश्नपत्रिकेचा पहिला मसुदा काढायला, इंग्रजी पत्र तपासायला. पोरांनाही उपयोग होतोच की, ज्याला घरी विचारायला कुणी नाही त्याला रात्री दहा वाजता शंका विचारता येते हे लहान नाही. पण त्यांना हे कुणी शिकवलंच नाहीये, कुठे वापरायचं कुठे नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कुणी शिकवलेलं नाही. तुमच्याकडे कुणी काही करून बघितलंय का? ७२ पोरं आणि एकटी मी, हे लक्षात घेऊन सांगा प्लीज.

नाशिककर_कॉमर्स

मॅडम, मी २२ वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय, गेली दोन वर्षं याच्यावरच डोकं आपटतोय. मला एकच गोष्ट कामाची वाटली ती सांगतो. वापरलं की नाही हे विचारूच नका, आधी काय केलं ते विचारा. पोराने आधी स्वतः एक पान लिहिलं, वाकडंतिकडं का होईना, आणि मग एआयला दाखवून विचारलं यात काय राहिलं, तर तो शिकतो. आधी एआयला विचारलं आणि मग त्यात दोन शब्द बदलले तर तो शिकत नाही. यंत्र तेच, फोन तोच, नुसता क्रम बदलला तर सगळं बदलतं.

म्हणून मी आता पहिलं पान हाताने वर्गात लिहून घेतो. तास ४८ मिनिटांचा, त्यातली ३० मिनिटं फक्त लिहा, फोन दप्तरात. शुद्धलेखनाचे मार्क नाहीत, चुकीचं लिहिलं तरी चालेल, फक्त तुमचं पाहिजे. मी त्यावर सही करून तारीख टाकून परत देतो. मग घरी जाऊन काय वापरायचं ते वापरा. शेवटी फायनल रिपोर्टला ते सही केलेलं पान जोडायचं, आणि एक अर्धं पान जादा, की एआयला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, त्यातलं काय घेतलं आणि काय टाकून दिलं. हे 'काय टाकून दिलं' फार महत्त्वाचं आहे, मी मार्क त्यालाच देतो. ज्याने काहीच टाकून दिलं नाही त्याने वाचलंच नाही.

आणि तोंडी घ्या. ७२ पोरं गुणिले ५ मिनिटं म्हणजे ३६० मिनिटं, म्हणजे ४८ मिनिटांचे साडेसात तास होतात तुमचे. जास्त वाटतं पण ७२ रिपोर्ट घरी नेऊन वाचायला याच्या दुप्पट वेळ जातो, आणि वाचून काही कळत नाही आजकाल. दोनच प्रश्न विचारतो मी, तुझ्या रिपोर्टमधलं तुला सगळ्यात नवीन काय कळलं, आणि हे वाक्य तू कशावरून लिहिलंस. दुसऱ्या प्रश्नाला सगळं बाहेर येतं.

जळगावचा_इंजिनिअर

मॅडम मी विद्यार्थी आहे, थर्ड इयर कॉम्प्युटर, आमची बाजू पण सांगतो. मी बारावीपर्यंत पूर्ण मराठी मिडीयम. फर्स्ट इयरला पुस्तक उघडलं की एका पानात दहा शब्द अडायचे, सर वर्गात इंग्रजीत भराभर बोलायचे आणि हात वर करायची हिंमत नव्हती. मी चॅटजीपीटीला मराठीत विचारायला लागलो, हे मला सोप्या भाषेत सांग, उदाहरण शेतीतलं दे. पॉइंटर म्हणजे काय हे मला पहिल्यांदा तिथे कळलं, त्याने सांगितलं की सातबारा म्हणजे जमीन नाही, जमीन कुठे आहे ते सांगणारा कागद आहे, तसं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक केटी वाचली असती, म्हणजे एक विषय राहिला नसता. त्यामुळे जे म्हणतात बंद करा त्यांना माझी विनंती आहे की आमच्यासारख्यांचा विचार करा.

पण दुसरी बाजू पण खरी आहे. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चरचं पूर्ण जर्नल मी त्याच्याकडून करून घेतलं, प्रोग्रॅम सगळे रन होत होते, आऊटपुट परफेक्ट. व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी लिंक्ड लिस्टच्या प्रोग्रॅमवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, नोड काढल्यावर खाली ही फ्रीची ओळ लिहिलीय ती का लिहिलीस, नाही लिहिली तर काय होईल. मी त्या ओळीकडे बघतच राहिलो. ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली होती. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणाल्या बाळा प्रोग्रॅम चांगला आहे, कुणाचा आहे? ते वाक्य अजून कानात आहे माझ्या.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. मी सुरुवातीलाच लिहितो, मला उत्तर देऊ नको, मला एकेक प्रश्न विचार, मी चुकलो तर कुठे चुकलो एवढंच सांग, बरोबर काय ते मी दोनदा विचारल्याशिवाय सांगू नको. तो ऐकतो. वेळ लागतो, कंटाळा येतो, मध्ये मध्ये वाटतं दे बाबा आता उत्तर, पण परीक्षेत आठवतं. आणि अजून एक, तो आपल्या हो ला हो लावतो. तुम्ही नुसतं म्हणा 'हे चुकीचं आहे', की बऱ्याचदा माफी मागून बरोबर उत्तर पण बदलून देतो. मी मित्रांना हे करून दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला की डोळे झाकून घ्यायचं नाही. तुमच्या वर्गात हे करून दाखवा मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे, तासभर भाषण देण्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

ग्रंथपाल_काका

मी कॉलेज ग्रंथालयात आहे. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीन मुलं असं पुस्तक मागायला येतात जे कधी छापलंच गेलेलं नाही. नाव अगदी खरं वाटेल असं, लेखक ओळखीचा, प्रकाशन पुण्याचं, वर्ष, पान नंबर सगळं. मी कपाटात शोधतो, कॅटलॉगला बघतो, मग कळतं की संदर्भ एआयने दिलाय. मुलाची चूक नाही, त्याला वाटतं हे यंत्र कुठल्यातरी मोठ्या ग्रंथालयात बघून सांगतंय. तसं नाहीये. ते मुळात या शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे धरून वाक्य पुढे नेतं. म्हणून संदर्भ 'दिसायला' बरोबर असतो, कारण संदर्भ कसा दिसतो हे त्याला पाठ आहे. इंटरनेटवर शोधून लिंक देणारे प्रकार आता आहेत पण तिथेही लिंक उघडून वाचली पाहिजे, लिंकमध्ये एक आणि उत्तरात दुसरंच असं मी स्वतः बघितलंय. मराठीतल्या जुन्या पुस्तकांच्या बाबतीत तर फारच, कारण आपलं मराठी इंटरनेटवर आहेच किती.

याच्यात मोठी मोठी माणसं अडकलीत. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले जसेच्या तसे सादर केले, ते खटले झालेलेच नव्हते, कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो, मुलं कान टवकारून ऐकतात.

आमचा नियम साधा आहे, जे पान डोळ्यांनी बघितलं नाही ते संदर्भात लिहायचं नाही. पुस्तकाचं पान फोनवर फोटो काढून ठेवा. प्रबंध असेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाईटवर आहे का बघा. जिल्ह्याचा इतिहास असेल तर जुनी गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातली जिल्ह्यांची माहितीपुस्तकं, स्कॅन करून ठेवलेली आहेत, पुणे जिल्ह्याचा खंड १८८५चा, तो उघडा. मराठी विश्वकोश तर फोनवर फुकट वाचता येतो.

त्या टक्के दाखवणाऱ्या वेबसाईटबद्दल तुम्ही केलंत ते बरोबर केलंत मॅडम. चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं साधन काढलं होतं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ते एआयने लिहिलेल्या १०० पैकी २६ मजकूर पकडायचं आणि माणसाने लिहिलेल्या १०० पैकी ९ मजकुरांवर खोटा आळ घ्यायचं. जुलैमध्ये त्यांनी ते बंदच केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी सात साधनं तपासली, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी इंग्रजीच्या टोफेल परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरवले. साधं, मोजकं, पाठ केलेलं इंग्रजी लिहिणाऱ्यावर संशय येतो, म्हणजे आपल्याच मुलांवर. त्यावरून कुणाला शून्य देणं म्हणजे अन्याय आहे, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

अजून एक गल्लत होते ती सांगतो. यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे २०१८चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून परत द्यायचं, ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे टक्के दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य असल्याचे आहेत. एआयचे टक्के वेगळे. ते नियम आले तेव्हा चॅटजीपीटी नव्हतंच, ते आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. बरेच प्राध्यापक दोन्ही टक्के एकच समजतात आणि मुलांना भीती घालतात.

कोल्हापूर_निवृत्त

मी सगळ्यांचं वाचलं, आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे. मी ३४ वर्षं मराठी शिकवलं. गाईडं आली तेव्हाही आम्ही हेच म्हणालो होतो, योग्य वापर शिकवू. काय झालं? पोरं पुस्तक विकत घेईनाशी झाली. मूळ कविता न वाचता रसग्रहण पाठ करून पेपर लिहिलेली पिढी मी तपासली आहे.

ज्याने कधी एक परिच्छेद स्वतः झगडून लिहिलेला नाही त्याला एआयचा परिच्छेद बरा की वाईट हे कळणार कसं? ते नाशिककर सर म्हणतात काय टाकून दिलं ते विचारा, पण टाकून द्यायला आधी पारख पाहिजे आणि पारख वाचून-लिहून येते. माझं म्हणणं, पहिली दोन वर्षं पूर्ण बंद. लिहायला शिका, चुका करा. तिसऱ्या वर्षी द्या हातात. आणि मराठीचं काय होतंय ते बघा जरा, 'ग्रामजीवनाचा आत्मा', 'समृद्ध वारसा', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', ही मराठी कुणाच्या घरात बोलतात? पोरांची बोली, त्यांचा आवाज पार पुसला जातोय याचं मला मनापासून दुःख आहे.

इतिहासवाली_मॅडम

सर, तुमचं भाषेबद्दलचं शंभर टक्के पटलं. ती ओढ्यावाली मुलगी वर्गात इतकं छान बोलते, 'पाऊस उघडला की वढ्याला डबकं ऱ्हातं' असं, आणि लिहिताना एकदम ती नदी. पण पूर्ण बंद करणं माझ्या हातात नाही हो. २०२५ मध्ये एअरटेलवाल्यांना परप्लेक्सिटी फुकट मिळालं, मग जिओवाल्यांना जेमिनाय, ही पण चॅटजीपीटीसारखीच. रिचार्ज केलं की खिशात आलं. मी बंद म्हटलं तर ते लपून वापरतील, आणि लपून वापरलं की चुकीचंच वापरलं जाणार.

जळगावच्या दादा, तुझं ते फ्रीच्या ओळीचं मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

सिडनीची_ट्युटर

मी मूळची साताऱ्याची, सध्या ऑस्ट्रेलियात पीएचडी करतेय आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे ट्युटोरियल घेते. निवृत्त सर आणि मॅडम दोघांचं जमेल असा एक रस्ता इकडे वापरतात म्हणून लिहितेय. सिडनी युनिव्हर्सिटीने 'टू लेन' म्हणून पद्धत काढलीये, म्हणजे परीक्षेच्या सरळ दोन लेन. पहिल्या लेनमध्ये समोर बसून, देखरेखीखाली, तोंडी किंवा लेखी, मुलाला स्वतःला काय येतं ते तपासायचं, तिथे एआय नाही. दुसऱ्या लेनमध्ये घरी करायचं काम, तिथे एआय चालेल असंच धरायचं आणि ते चांगलं कसं वापरायचं हे शिकवायचं. मधली लेन नाही. म्हणजे घरी करायला द्यायचं आणि म्हणायचं एआय वापरू नका, हे नाही, कारण ते तपासताच येत नाही आणि त्यात प्रामाणिक मुलाचंच नुकसान होतं.

मला हे फार पटतं. आपल्याकडे कितीतरी शिक्षक असाइनमेंटवर लिहितात 'एआयचा वापर निषिद्ध' आणि मग काहीच करत नाहीत. जो नियम पाळतो त्याला ६ मार्क आणि जो पाळत नाही त्याला ९. मुलं काय शिकतील यातून? इकडे वर्ग लहान असतात, मदतीला आम्ही ट्युटर असतो, ते तुमच्याकडे नाही हे माहितीये, पण लेन वेगळ्या करायला ट्युटर लागत नाही. नाशिककर सरांचं वर्गातलं पान आणि तोंडी ही पहिली लेनच झाली की.

एक मात्र सांगते, मुलांना नुसतं 'जबाबदारीने वापरा' म्हणून काही कळत नाही. मी एका ट्युटोरियलला मुलांना विचारलं जबाबदारीने म्हणजे काय, तर अर्ध्या मुलांचं उत्तर होतं 'पकडलं जाऊ नये असं'. त्यामुळे प्रत्येक कामाला वेगळं लिहून द्या. या कामात विषय सुचवायला चालेल, मुलाखतीचे प्रश्न तयार करायला चालेल, शुद्धलेखन तपासायला चालेल, मुलाखतीतली उत्तरं बनवायला अजिबात नाही. इतकं साधं.

समाजकार्य_परभणी

सगळे कॉपीबद्दल बोलताय म्हणून एक राहिलेली गोष्ट. मी एमएसडब्ल्यूच्या मुलांचं फील्डवर्क बघते. मुलाखती खऱ्या घेतल्या तरी पुढे धोका आहे. आमच्या एका मुलाने शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, नाव, गाव, फोन नंबर, सावकाराचं किती, सोसायटीचं किती, घरात कुणी आजारी, सगळं. आणि सारांश काढायला अख्खं रजिस्टर फोटो काढून एआयमध्ये टाकलं. त्या माणसाने आपल्या पोराएवढ्या मुलाला विश्वासाने सांगितलं होतं, ओट्यावर चहा पाजून. त्याला कुणी विचारलं होतं का की हे कुठे टाकू?

मुलाच्या मनात वाईट काहीच नव्हतं, त्याच्या लक्षातच आलं नाही. म्हणून आम्ही आता सांगतो, टाकायचंच असेल तर आधी नाव, गाव, फोन, जात, कर्जाचा आकडा काढा, माणसाला 'क', 'ख' म्हणा, आणि ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपलं बोलणं त्यांच्या मॉडेलच्या शिक्षणासाठी वापरण्याचा पर्याय बंद करा. आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच समोरच्याला सांगा की मी हे कशासाठी लिहून घेतोय. मॅडम तुमच्या प्रोजेक्टमध्ये आजी-आजोबा आहेत, त्यांच्या बाबतीत हे नक्की बघा.

इतिहासवाली_मॅडम

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार मानायचे होते आणि काय झालं ते सांगायचं होतं.

मी रिपोर्ट सगळ्यांना परत दिले. शून्य कुणालाच नाही, पण मार्क पण कुणालाच नाहीत, परत करा म्हटलं. त्याच्या आधी एक तास वेगळाच घेतला. आमच्या अभ्यासक्रमात १८७५चे दख्खनचे दंगे आहेत, म्हणजे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, ते १८६५ मध्ये संपलं आणि भाव कोसळले, वर सारा वाढवलेला, शेतकरी सावकाराच्या कचाट्यात, आणि मग लोकांनी सावकारांची कर्जखतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. मी एआयला त्यावर मराठीत एक पान लिहायला सांगितलं आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या, दोघांत एक. सांगितलं लाल पेन घ्या आणि हे माझं पान समजून तपासा.

पहिली दहा मिनिटं कुणीच काही खूण केली नाही, इतकं गुळगुळीत लिहिलेलं होतं ते. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, मॅडम यात लिहिलंय दंगा नगर जिल्ह्यातल्या सुप्यात सुरू झाला, पण सुपा तर आमच्या शेजारी, पारनेर तालुक्यात, एमआयडीसीचं, तिथं असं काही असतं तर आजोबांनी सांगितलं असतं. मी म्हटलं शोध. ग्रंथपाल काकांनी सांगितलेलं १८८५चं पुण्याचं गॅझेटियर मी फोनवर उतरवून ठेवलेलं, इंग्रजी वाचायला तिघांनी मिळून मदत केली. सुपे हे पुणे जिल्ह्यातलं, तेव्हा भीमथडी तालुका, आता बारामती तालुक्यात येतं, १२ मे १८७५. दोन सुपे, आणि यंत्राने दोन्ही एकात एक करून टाकले. दंगे पुढे नगर जिल्ह्यात पसरले होते त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. वर्गात जो कल्ला झाला तो मी चार वर्षांत ऐकला नव्हता. त्या पोराचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. मग पोरं पेटली, एकीने विचारलं मॅडम 'शेतकऱ्यांनी हिंसाचार केला' एवढंच लिहिलंय, पण त्यांचा डोळा तर कागदांवर होता ना, माणसांवर नाही ना मुख्यतः. हे मी शिकवलेलं होतं, परीक्षेत कुणी लिहीत नव्हतं.

निवृत्त सर, तेव्हा मला तुमचं पण पटलं. त्या पोराला चूक दिसली कारण त्याला सुपा माहीत होतं. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांना काहीच दिसलं नाही. म्हणून आता माझ्याकडे पहिलं पान वर्गातच, हाताने. आणि एक पानाचा कागद दिलाय, कुठे चालेल कुठे नाही, परभणीच्या ताईंनी सांगितलेलं नाव-फोन-कर्जाचं सगळ्यात वर लिहिलंय. मुलाखतीचे प्रश्न एआयकडून सुचवून घ्या म्हटलं, त्यातले निम्मे पोरांनी स्वतःच खोडले, 'तुमच्या बालपणीच्या मनोरंजनाच्या साधनांविषयी सांगा' असं आजीला कसं विचारणार म्हणून.

तोंडीला साडेसात नाही, नऊ तास गेले. थकले मी. चार पोरं अजूनही तसंच घेऊन आली, त्यांना परत पाठवलंय, त्यातल्या एकाशी नीट बोलले तर तो रात्रीपाळीला कंपनीत जातो, गावात म्हाताऱ्यांशी बोलायला दिवसा जागा राहणंच जमत नाही. त्याला मी विषय बदलून दिला, कंपनीतल्या कामगारांच्याच मुलाखती घे म्हटलं. हे मला आधी कळायला हवं होतं.

२५ खोटे फॉर्म आणणाऱ्या पोराने या वेळी सहाच मुलाखती आणल्यात. दोन जणांच्या फॉर्मवर लिहिलंय 'आठवत नाही म्हणाले'. मी त्याला त्या दोन फॉर्मसाठी शाबासकी दिली.

कोल्हापूर_निवृत्त

मॅडम, वाचून बरं वाटलं, खरंच. एक विचारतो, त्या ओढ्यावाल्या मुलीचं काय झालं?

इतिहासवाली_मॅडम

सर तिने आजीला विचारलं. बहात्तरला ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरायचे, रात्री दोनला नंबर लागायचा, आजी तेव्हा नवी नवरी होती आणि कंदील धरून बसायची. चार पानं लिहिलीयेत. 'वढा' असंच लिहिलंय तिने आजीच्या बोलण्यात, विचारत होती मॅडम हे शुद्ध करू का. मी म्हटलं त्याला हात लावू नको.